ओट्यावरचे डबे

"उठा! उठा म्हन्तो न! काहून बसले तिथं?"

हातात विळा घेतलेली एक म्हातारी पालकाच्या वाफ्यातून तरातरा येत होती. माझे बावीस पाहुणे निंबाखालच्या दगडी ओट्यावर डबे उघडून बसले होते. कुणाच्या हातात पराठा, कुणाच्या बोटांना लोणचं. एक गृहस्थ ओट्याच्या कडेला बसून बाटलीतल्या पाण्यानं हात धूत होते आणि ते पाणी ओट्यावरून ओघळत होतं. मी घड्याळ पाहत होते. आम्हाला एक तास उशीर झाला होता.

ईशा, निखिल, मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या सहलींच्या कामात तुझी सगळ्यात मोठी चूक कोणती?" मी हसून विषय बदलला. तोंडानं सांगणं जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाइडचं काम धरलं, हे तुम्हाला माहीत आहे. माझा जुना विद्यार्थी प्रशांत अमरावतीत एक लहानशी ट्रॅव्हल एजन्सी चालवतो. सकाळी निघायचं, जुनी देवळं, किल्ले, विहिरी पाहायच्या आणि दिवेलागणीला घरी. लोकांना फारशा ठाऊक नसलेल्या जागा शोधायचं काम माझं. त्यासाठी सहलीच्या आधी एकदा जाऊन सगळा रस्ता पाहून यावा लागतो. त्याला आम्ही रेकी म्हणतो. रेकीचा एक फॉर्म मीच तयार केला होता. सावली, पिण्याचं पाणी, बायकांची सोय, गाडी वळायला जागा. प्रत्येक रकान्यात टिक. शिवाय माझा एक नियम होता : ड्रायव्हरनं पाहुण्यांना माहिती सांगायची नाही. माहिती चुकली तर नाव एजन्सीचं जातं, म्हणून ती फक्त गाइडनं द्यायची. नियम मला फार शहाणपणाचा वाटायचा.

आमचा ड्रायव्हर सुधाकर. तिशीचा, मोजकं बोलणारा. रिद्धपूरच्या सहलीची रेकी करताना त्यानंच मला वाटेतलं एक गाव सुचवलं. त्याची बहीण तिथे दिलेली होती. "बाई, तिथं जुनी विहीर हाय, कोरलेले दगड हायेत. पाहून घ्या एकडाव." आम्ही गेलो. विहीर खरंच देखणी होती. विहिरीपासून वीसेक पावलांवर निंबाखाली एक साधा, चुन्यानं रंगवलेला ओटा होता. त्यावर मूर्ती नाही, पाटी नाही, घंटा नाही.

सुधाकर म्हणाला, "आन् बाई, थो ओटा..."

"सुधाकर, तुम्ही गाडी वळते का ते बघा," मी म्हटलं. फॉर्मवर 'सावली' समोर टिक केली आणि कंसात लिहिलं, बसायला ओटा.

सहलीच्या दिवशी अकोल्याचा निवृत्त शिक्षकांचा ग्रुप होता. त्यांनी मूर्तिजापूरला चहा घेतला, बडनेऱ्याला पुन्हा घेतला. जेवण रिद्धपूरला ठरलं होतं, पण तिथे पोचायला दोन वाजले असते, आणि ग्रुपमध्ये दोघं-तिघं मधुमेहाचे होते. मी ठरवलं, विहिरीपाशीच डबे उघडू. गाडी थांबली तसा सुधाकर उतरून माझ्याजवळ आला.

"बाई, ओट्यावर नका बसवू. मी सतरंजी टाकून देतो खाली."

"खाली मुंग्या आहेत. आणि पाहुण्यांसमोर चर्चा नको. आपलं ठरलंय ना?"

तो गाडीकडे परत गेला. आमचं ठरलं होतं.

ओटा म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, आणि लाज याचीच जास्त वाटते. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र. त्यांचे स्वामी जिथे बसले, थांबले, जेवले, ती प्रत्येक जागा ते ओटा बांधून जपतात आणि त्या ओट्याला डोकं टेकवतात. हे मी सकाळीच गाडीत माईकवर छान समजावून सांगितलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. पण माझ्या डोक्यात ते ओटे रिद्धपूरच्या हद्दीत होते, कार्यक्रमपत्रिकेत एक वाजल्यानंतर. वाटेतल्या निंबाखालीही तसाच ओटा असू शकतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

म्हातारी जवळ आली तशी माणसं दचकून उठली. ती धापा टाकत होती.

"देवाच्या जाग्यावर खरकटं करून राह्यले? मी रोज झाडतो हा ओटा. माही सासू झाडे. लिवले-वाचलेले मान्सं दिसता न तुमी! कोनं बसवलं यायले इथं?"

बावीस माणसं माझ्याकडे पाहू लागली. सगळी शिक्षक. मीही शिक्षक. मी म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं इथे थांबायला."

वाक्य खोटं नव्हतं. थांबायला त्यानंच सुचवलं होतं. इतकं सोयीचं खरं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले नाही.

म्हातारीनं गाडीकडे पाहिलं आणि तिचा विळ्याचा हात खाली आला. "सुधाकरा? तू?"

ती त्याच्या बहिणीची सासू होती.

सुधाकरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये चष्म्याचं घर शोधू लागले. मग त्यानं चपला काढल्या, गाडीतला पाण्याचा कॅन आणला आणि ओटा धुवायला घेतला. आमच्यापैकी कुणी पुढे झालं नाही. मी पाहुण्यांना गाडीत बसवलं आणि डोकी मोजली. बावीस भरली.

अकोल्याच्या ग्रुपनं प्रशांतकडे तक्रार केली. त्यानं मला फोन केला, "मॅडम, सुधाकरनं असं कसं केलं? त्याला तर तिथलं सगळं माहीत आहे."

"जाऊ दे रे, झालं ते झालं," मी म्हणाले. मला वाटलं, मी त्याची बाजू घेतली.

पुढच्या सहलीला गाडीवर नवा ड्रायव्हर होता. सुधाकरला प्रशांतनं सहलींवरून काढून अकोटच्या मालवाहू गाडीवर टाकलं होतं.

"काही बोलला का तो?" मी नव्याला विचारलं.

"काई नाई बोलला. त्याचं घरचंच लय झालं बाई. पोरगी झाली न त्याले. बारसं अडकलं. नाव ठेवाले आत्या पायजे, अन् आत्याले सासू पाठवून नाई राह्यली. म्हन्ते, ज्या घरानं देव बाटवला त्या घरचं पानी नाई पाह्यजे."

त्या दिवशी मी नरनाळा किल्ल्याची माहिती सांगितली. काय सांगितलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं त्या गावी गेले. म्हातारी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं : तो बसवू नका म्हणाला होता, मी ऐकलं नाही, आणि नंतर त्याचं नाव पुढे केलं. तिनं हातातली जुडी पुरी बांधली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे तवाच सांगाचं होतं बाई. तवा सारे होते ऐकाले. आता वावरात मी अन् तुमी. आता सांगून कोनाले सांगून राह्यल्या?"

तिनं दुसरी जुडी बांधायला घेतली.

"सुनेले पाठवतो मी," ती म्हणाली. "तिचा काय गुन्हा? पन मी माह्या तोंडानं त्या पोराले नाई नाई ते बोललो. ते कसं वापस घेऊ, ते तुमी सांगा मले."

मी ओट्यापाशी गेले. चप्पल काढून डोकं टेकवलं. ती पाहत होती की नाही, मला माहीत नाही.

घरी येऊन अकोल्याच्या ग्रुपवर सगळं स्पष्ट लिहिलं, जसं इथे लिहिलं आहे तसं. चौघांनी अंगठे पाठवले. एका बाईंनी विचारलं, पुढची सहल कधी? प्रशांतला समोर बसवून सांगितलं. तो पेन फिरवत राहिला. "मॅडम, तुम्ही आम्हाला खोटं बोलल्यावर बाकावर उभं करायच्या," एवढंच म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात सुधाकर सहलींवर परत आला.

मी त्याची माफी मागितली. "असू द्या बाई," तो म्हणाला. ड्रायव्हरनं बोलू नये हा नियम मी काढून टाकला आणि रेकीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला : ही जागा कोण झाडतं? तो रकाना भरल्याशिवाय मी आता कुठे गाडी थांबवत नाही. कामाचं शिकणं विचाराल तर एवढंच आहे. चूक जितक्या माणसांसमोर झाली तितक्यांसमोर, आणि ती माणसं उठून जायच्या आत, आपली म्हणून टाकावी. नंतर एसटीचं तिकीट काढून उपयोग होत नाही.

रिद्धपूरच्या सहली अजून असतात. ते निंबाचं झाड आलं की मी माईक सुधाकरच्या बाजूला ठेवते आणि म्हणते, "सुधाकर, इथलं तुम्ही सांगा."

"नाई बाई. तुमीच सांगा," तो म्हणतो, आणि गाडी हळू करतो.

बारसं झालं. मला बोलावणं नव्हतं. मुलीचं नाव काय ठेवलं ते मी त्याला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. एका सहलीत डोकी मोजायला मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले, तेव्हा काचेवर नवीन लाल अक्षरांत ते लिहिलेलं होतं. आरोही.