पाण्यातला झिम्मा

मला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून आवडल्या: पोहणं आणि मंगळागौरीचे खेळ. दोन्हींनी पोट भरत नाही, हे आईने लहानपणीच बजावलं होतं. म्हणून मी बी.कॉम. केलं, मांडव्याहून लाँचने मुंबईच्या ऑफिसात जाऊ लागले आणि दुसऱ्यांचे आकडे जुळवत बसले. श्रावण आला की मात्र रजा टाकायची आणि आळीतल्या बायकांच्या गटात घसा बसेपर्यंत गाणी सांगायची.

मग एका उन्हाळ्यात ऑफिसने मला बढती देऊन पुण्याला पाठवायचं काढलं. मी रडकुंडीला आले. आमच्या सुपारीच्या वाडीतलं तळं, गट, सगळंच सुटणार होतं. महिनाभराची रजा टाकली, ती संपली की कळवते असं साहेबांना सांगितलं आणि घरी येऊन बसले.

"त्यात कळवायचंय काय?" आई करवादली. "नाही म्हणालीस तर याद राख!"

त्याच वेळी शेजारच्या काकूचे गुडघे धरले होते. डॉक्टरांनी तिला पाण्यात व्यायाम सांगितला, आणि ती थेट माझ्याकडे आली. तिच्या मागोमाग गटातल्या बाकीच्याही आल्या. उन्हाळ्यात आमच्या तळ्याचं पाणी जेमतेम छातीपर्यंत असतं, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. आई पायरीवर बसून आमच्यावर नजर ठेवायची. त्याच तळ्याच्या पाण्यावर तिने सुपारी जगवली, पण स्वतः कधी घोट्यापलीकडे उतरली नाही.

मी शिकवायला घेतलं तेही कसं, तर अगदी शिस्तीत. बोलायचं नाही, श्वास धरायचा, लक्ष द्यायचं. ज्या बायका आरतीलासुद्धा गप्प बसत नाहीत, त्यांना मी गप्प केलं! सगळ्या भीतीने ताठ झाल्या. लहानपणी आम्हाला बांधायचे तसे कमरेला न सोललेले, सुके असोले नारळही बांधून पाहिले. नारळ वर, काकू खाली. आई पायरीवरून म्हणाली, "झाली हौस? आता बॅग भर."

एका दुपारी काकूचा पाय घसरला. नाकातोंडात पाणी गेलं, आणि घाबरून तिने काय करावं? मोठ्यांदा झिम्म्याचं गाणं सुरू केलं! बाकीच्यांनी सवयीने री ओढली. गाता गाता काकूचे खांदे सैल पडले, पाय ठेक्यात हलायला लागले आणि बाई चक्क तरंगायला लागली. गाणाऱ्याला श्वास धरून ठेवताच येत नाही, तो सोडावाच लागतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नव्हती, देव जाणे.

"थांबू नका गं!" मी ओरडले, आणि जागच्या जागी शब्द जुळवले:

"सोड गं हात, मार गं पाय,
पाण्याला भितेस, विहिणीची माय!"

सगळ्या खिदळत सुटल्या. मला इतका आनंद झाला की हसता हसता रडूच आलं. हेच करायचंय मला, दुसरं काही नाही, हे त्या क्षणी पक्कं झालं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावांतल्या बायकाही येऊ लागल्या. काशीदच्या एका रिसॉर्टने तर त्यांच्या पोहण्याच्या टँकवर वर्ग घ्याल का, असंही विचारलं. पण आईचं तोंड वाकडंच. "लोक हसतील. बी.कॉम. झालेली पोरगी तळ्यात गाणी म्हणते!" तिच्याशी भांडून नोकरी सोडायची माझी छाती होत नव्हती.

रजेच्या शेवटच्या दुपारी सगळ्या गेल्यावर आई पायऱ्या उतरून पाण्यात आली. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मी तिच्या पाठीखाली हात दिला. तिने झिम्म्याचं गाणं धरलं; आईचा आवाज गटात सगळ्यांत गोड, पण तेव्हा कापत होता. दुसऱ्या कडव्याला तो लागला. तिसऱ्याला मी हात काढून घेतला, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

कळलं तेव्हा ती धडपडून उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तिच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून काठावरच बसलेय गं," ती म्हणाली. "मला कुणी एकदासुद्धा म्हणालं नाही, ये आत म्हणून."

मी तिला जवळ घेतलं. तिने नाक पुसलं आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "त्या साहेबांना फोन कर. म्हणावं, येत नाही मी. आणि चल, धर मला पुन्हा."