तिथं तारे होऊन राहिलेत

लातूरला क्लासच्या गल्लीत माझी खानावळ आहे. बिराजदार सर पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा ताट पुढ्यात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले होते. मला धीर कुठला! म्हटलं, "सर, भाकरी निवून राहिली. आभाळात काय वाढून ठेवलंय?"

सर हसले. "सुमनताई, तुम्ही एक भाकरी उलथेपर्यंत विश्वात हजारो नवे तारे होतात."

"आणि आपल्या इथं?"

"आपल्या आकाशगंगेत वर्षाला चार-दोन."

"एवढेच? आळशीच म्हणायची मग!"

सर भौतिकशास्त्र कसं शिकवतात, ते त्यांचे विद्यार्थी या गौरव अंकात लिहितील. माझी शाळा चौथीत सुटली. माणूस कसा, तेवढं मी सांगते.

निलंग्याची शिवलीला माझ्याकडं जेवायची. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत एकदा मार्क कमी पडले, दुसऱ्या वर्षीही ती मागंच. एका थंडीत तिनं ताट बाजूला सारलं. "मावशी, उद्याच्या एसटीनं जाते. बाबांनी सोयरीक बघितली. माझ्यात काय न्हाई." सरांनी ऐकलं. तेवढ्यात लाईट गेली. सर म्हणाले, "चला गच्चीवर."

सगळी गल्ली अंधारात बुडालेली. वर आभाळ ज्वारीच्या कणसासारखं दाटून भरलेलं. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली सरांनी एक धूसर ठिपका दाखवला. मला वाटलं, चष्म्याला पीठ लागलं. पदरानं पुसलं, तरी ठिपका तिथंच.

"पीठ नव्हे ताई, तिथं तारे होऊन राहिलेत. धूळ, वायू लाखो वर्षं जमत राहतात. शिवलीला, पहिल्या खेपेला त्यातल्या थोड्याचाच तारा होतो. उरलेलं वाया जात नाही, पुढं आणखी कुठं जमतं."

"सर, हिचा बाप लाखो वर्षं थांबायचा न्हाई!"

पोरगी हसली. लई दिवसांनी.

सरांनी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला. ते वाट्टेल ते बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर नाही झाली, तर आवडेल ते शिकेल. लग्नाचं मात्र तिला विचारा." शेवटी वडील म्हणाले, "राहू द्या तिला."

आज शिवलीला रेणापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराला तिचे वडीलही येणार आहेत. परवा मला विचारत होते, "तवा सरांना नको ते बोललो. आता समोर काय म्हणू?"

म्हटलं, "काही म्हणू नका. शेजारी बसा."

सर, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे दुखतात म्हणून गच्ची सोडू नका. जिना चढताना एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूनं ते धरतील.