बिनकाचेचं घड्याळ

मच्छिंद्रचे हात पाहिले तर कुणालाही वाटावं, हे नांगरालाच शोभायचे. बोटं जाडजूड, तळवे खरखरीत, नखांत काळ्या रानाची माती कायमची बसलेली. पण बदनापूरच्या संशोधन केंद्रात त्याचं काम काय होतं, माहीत आहे? तुरीच्या बंद कळ्या चिमट्यानं उघडायच्या, आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग आत अलगद टेकवायचा आणि खुणेला दोरा बांधायचा. कळीला जरा धक्का लागला की दुसऱ्या दिवशी ती गळून खाली. मच्छिंद्रच्या कळ्या सहसा गळत नसत. श्वास धरून काम करायचा पठ्ठ्या. एकदा गांधीलमाशी मानेवर बसली, चावली, तरी दोरा बांधून झाल्यावरच त्यानं "आयो!" म्हटलं.

अशा माणसाला घड्याळाचा नाद लागला यात नवल नाही. साल असेल ब्याऐंशी-त्र्याऐंशी. लग्नात सासऱ्यानं दिलेलं चावीचं घड्याळ बंद पडलं. मच्छिंद्रनं मागचं झाकण नखानं उचकटलं, आत डोकावला आणि डोकावतच राहिला. इवलीइवली पितळी चाकं, तांबडे खडे, केसासारखी कमान. त्याला वाटलं, ही तर तुरीच्या कळीपेक्षा नाजूक चीज! झालं, खोललं सगळं. खोलताना एक स्क्रू टिचकी मारल्यासारखा उडाला तो थेट अंगणात. मच्छिंद्र आणि त्याची बायको दुर्गाबाई, दोघं रांगत अंगण हुडकत होते, आणि तेवढ्यात तांबड्या कोंबडीनं काहीतरी टिपलं. मग काय, कोंबडी टोपल्याखाली! तिच्या विष्ठेवर पाळत ठेवण्यात दोन दिवस गेले. स्क्रू शेवटी मच्छिंद्रच्याच पायजम्याच्या दुमडीत निघाला. दुर्गाबाई पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची, "आमच्या ह्यांनी कोंबडीला जेलात टाकलं व्हतं, बिनगुन्ह्याची."

शिकायचं तर गुरू हवा. जुन्या जालन्यात रशीदभाई घड्याळवाल्यांचं टिचभर दुकान होतं. सुटीच्या दिवशी मच्छिंद्र गाडीत बसून तिथं जायचा आणि त्यांच्या पाठीमागं उभा राहून खांद्यावरून पाहायचा. बरेच दिवस रशीदभाईंनी त्याला माशीसारखं समजून दुर्लक्ष केलं. मग एके दिवशी मागं न बघताच म्हणाले, "मियाँ, मानेवर गरम श्वास येतो. स्टूल घ्या अन् समोर बसा."

त्यांची शिकवणी अशी, की घड्याळ हातात आलं की आधी खोलायचं नाही, कानाला लावायचं. एका हातानं हळूच हलवायचं, ऐकायचं आणि आत काय दुखतंय ते सांगायचं. चुकलं की घड्याळ परत डब्यात. मच्छिंद्र महिनोन्महिने नुसता ऐकत होता. बरोबर सांगू लागला, तेव्हा स्क्रू ढिला करायची परवानगी मिळाली. आणि पहिल्याच घड्याळात त्यानं काय करावं? बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात तसं सगळ्या चाकांना सढळ हातानं तेल पाजलं! घड्याळ असं धावलं, असं धावलं, की सकाळच्या चहालाच दुपार करून बसलं. रशीदभाई हसून हसून खोकायला लागले.

"अरे बाबा, बैलगाडी आहे का ही? बालकमानीला तेल लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग घड्याळ पळत सुटतं. सुईच्या टोकावर जेवढं मावतं तेवढंच तेल. तेपण बालकमानीला बिलकुल न्हाई!"

बालकमान म्हणजे ती केसासारखी गोल कमान. घड्याळाचा जीव तिच्यात. मच्छिंद्रला ते जन्मभराचं पाठ झालं.

घरी शिकवणी चालू ठेवायला सुटे भाग ठेवायचे कुठं? त्यानं दुर्गाबाईचा मिसळणाचा डबा रिकामा केला. एका वाटीत चाकं, एकीत स्क्रू, एकीत काटे.

"जिऱ्यात दात्याचं चाक सापडलं आज," दुर्गाबाई म्हणाली. "उद्या वरणात तासकाटा निघंल, मंग जेवताना टाइम बघत बसा."

दुसऱ्या दिवशी डबा घासून स्वयंपाकघरात परत गेला आणि मच्छिंद्रनं फुटक्या बश्या गोळा केल्या. नव्वदीनंतर तर लोकांनी सेलची घड्याळं घेतली आणि चावीची जुनी घड्याळं माळ्यावर टाकली. कुणी दिलं तर मच्छिंद्र लहान मूल उचलावं तसं उचलून आणायचा, स्वच्छ करायचा, चालू करून ज्याचं त्याला द्यायचा. धंदा कधी केला नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टेशनाच्या बाजूला भिवाबाबा राहायचे. रेल्वेत गँगमन म्हणून उभी हयात गेलेली. म्हातारपणी दोन्ही डोळ्यांची नजर गेली, पण माणूस ताठ. त्यांच्याकडं एक जुनं खिशातलं झाकणाचं घड्याळ होतं. त्याची काच त्यांनी स्वतःच काढून टाकलेली. झाकण उघडायचं, बोटाचं टोक काट्यांवरून फिरवायचं आणि वेळ सांगायची. गोळ्या कधी घ्यायच्या, सवारी गाडी कधी येणार, विहारात कधी निघायचं, सगळं त्या बोटावर. आणि एके दिवशी ते घड्याळ थांबलं.

घड्याळ थांबलं आणि बाबाही थांबले. कुणाला वेळ विचारणं त्यांच्या जिवावर यायचं. सून हाक मारायची, "बाबा, वंदनेला जायाचंय ना?" तर म्हणायचे, "कशाला जाऊ? तू सांगशील तवा उठायचं अन् तू सांगशील तवा बसायचं, म्हंजी मी काय बैल हाय का?" ओट्यावरून उतरणंही त्यांनी सोडलं.

मच्छिंद्रला कळलं तसा तो घड्याळ घेऊन रशीदभाईंच्या दुकानात गेला. रशीदभाईंनी कानाला लावलं, म्हणाले, "धुळीनं गुदमरलंय. साफ करा अन् काच बसवा, न्हाई तर पुन्हा बंद पडंल."

"काच बसवली तर बाबा बघतील कशानं?" मच्छिंद्र म्हणाला. "दरसाल मी साफ करीन की."

रशीदभाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. आणि चहा दोन मागवले.

मच्छिंद्रनं ते यंत्र खोललं. आत बाबांच्या बोटाचा मळ, रुळावरची काजळी, तंबाखूचा भुगा. कितीतरी रविवार त्यातच गेले. दसऱ्याच्या आठवड्यात घड्याळ चालू झालं. बाबांना निरोप गेला: दसऱ्याला तुमचं घड्याळ तुमच्या हातात. दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, बाबांनी जाहीर केलं, "यंदा विहारात मी माझ्या टायमावर जाणार. कुणी हात धरायचा न्हाई."

खंडेनवमीला सकाळी मच्छिंद्रनं घड्याळाचं मागचं झाकण उघडं ठेवलं, चाल नीट दिसावी म्हणून, आणि तो शेतात चक्कर मारायला गेला. घरात दुर्गाबाईनं पाट मांडला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. विळा, खुरपं, कुऱ्हाड, फाळ ओळीनं ठेवले. मग तिच्या मनात आलं, नवऱ्याचं खरं हत्यार कोणतं? चिमटा, स्क्रू फिरवायचे बारके पेचकस, भिंग तिनं भक्तीनं पाटावर मांडलं. आणि मधोमध, ज्याच्यासाठी हे सगळं, ते टिकटिकतं घड्याळ. पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं.

मच्छिंद्र परत आला. उंबऱ्यावरच थबकला. कान तयार झालेला होता ना! टिकटिक नव्हती.

"काय झालं?" दुर्गाबाईनं विचारलं.

तो पाटासमोर बसला. चाकांत कुंकू, बालकमानीवर पाण्याचा थेंब, मागंपुढं झुलणाऱ्या बॅलन्सच्या चाकात अडकलेला तांदळाचा दाणा. तो रागावला नाही, ओरडला नाही. नुसता म्हणाला, "पाणी गेलंय आत. उद्यापर्यंत ठिवलं तर बालकमान गंजंल. अशी बालकमान आता कुठंच मिळत न्हाई."

"मंग काढा ना जल्दी!"

"कशानं काढू? हत्यारं पाटावर हायेत."

त्यांच्या घरची रीत कडक. खंडेनवमीला पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईस्तोवर हलवायचं नाही. दुर्गाबाई ती रीत मच्छिंद्रपेक्षा जास्त पाळायची. एका सालात कुणीतरी विळा उचलला होता आणि त्याच आठवड्यात बैल लंगडला, हे ती आजवर विसरली नव्हती. मच्छिंद्रला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं हात पुढं केला नाही. पाटाकडं बघत बसला.

दुर्गाबाईनं चुलीचा जाळ कमी केला. पदराला हात पुसले. पाटासमोर उभी राहिली.

"भिवाबाबा उद्या एकटे जाणार म्हणत व्हते न्हाई का?"

"हं."

ती खाली बसली, पाटाला डोकं टेकवलं आणि स्वतःशी बोलावं तसं बोलली, "आई, मांडलं मी, उचलून राह्यले मी. ह्यांनी हात लावला न्हाई, बघ." मग एकेक हत्यार कपाळाला लावत उचललं आणि मच्छिंद्रच्या हातात दिलं. आधी चिमटा, मग पेचकस, मग भिंग.

"बसा आता. अन् काय धरायचं ते मला सांगा."

सणाचा अख्खा दिवस दोघं दारात उजेडाला बसले. मच्छिंद्र एकेक भाग काढी, पेट्रोलमध्ये बुडवी, मऊ ब्रशनं पुसी. दुर्गाबाई तो फडक्यावर घेऊन क्रमानं ठेवी. पुरण कडेला लागून करपलं, तरी ती उठली नाही. अडकलेला दाणा निघाला तेव्हा मात्र म्हणाली, "बाई गं, अक्षता कुठं जाऊन बसली!" आणि दोघं हसले. बालकमानीवर गंजाचा ठिपका धरला नव्हता. ऊन कलताना मच्छिंद्रनं शेवटचा स्क्रू बसवला, चावी दिली आणि घड्याळ दुर्गाबाईच्या कानाला लावलं.

"चाललं!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं ते भिवाबाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी झाकण उघडलं, बोट फिरवलं, मग घड्याळ नाकाशी नेलं.

"हळदीचा वास येऊन राह्यला."

"दुर्गाबाईनं पुजलं व्हतं, बाबा."

"पुजलं? मंग न्हाई बंद पडायचं," बाबा हसत म्हणाले, आणि काठी घेऊन ओट्यावरून उतरले. सून हात धरायला पुढं झाली तर तिला काठीनंच बाजूला केलं.

विहाराच्या दारात पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांची गर्दी जमली होती. कारभारी नावाचा एक शेजारी घाईघाईत येत होता. त्यानं बाबांना पाहिलं आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "जय भीम बाबा! किती वाजले हो?"

भिवाबाबा थांबले. सावकाश झाकण उघडलं, बोट काट्यांवर टेकवलं.

"पाच वाजून गेले. जल्दी चल," ते म्हणाले, "तुझ्यापायी मला उशीर व्हायचा."