बारा वाजताची डावी कूस

हिंदी बोलणाऱ्या शहरात, साकेत नगरच्या बाजूला आमचं खासगी रुग्णालय. तिथल्या हाडांच्या वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर होते आणि मला माझ्या चार्टांचा भारी तोरा होता. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. बदलली की चार्टवर वेळेसमोर लिहायचं: डावी, उजवी, पाठ. आमच्याकडे मात्र सकाळी आठलाच संध्याकाळपर्यंतचं लिहून मोकळं व्हायची पद्धत होती. पद्धत कसली, मीच पाडलेली! तपासणीवाले कधीही टपकतात आणि त्यांना पेशंट नाही, कागद बघायचा असतो.

अशात वरून हुकूम आला, ‘नेतृत्व आणि नैतिक निर्णय’ यावर तीन दिवस प्रशिक्षण. आम्ही सगळ्या जुन्या सिस्टर वरच्या हॉलमध्ये. खाली अठरा पेशंट आणि एकच मुलगी, नोकरीचा चौथा महिना, अजून कायम न झालेली. जाताना मी तिला बजावलं, “चार्ट पूरा भरा मिलना चाहिए, समझी?” वर प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी आम्हाला डोळे मिटून वटवृक्ष व्हायला लावलं. नेता म्हणजे म्हणे सावली देणारा वड. अहो, वडाला पारंब्या तरी असतात, खालच्या पोरीला दोनच हात! पण तेव्हा हे सुचलं नाही. समोसे गरम होते.

तिसऱ्या दिवशी, हातात प्रशस्तिपत्र घेऊन, मी वॉर्डात आले. खुब्याच्या ऑपरेशनच्या आजी होत्या, ग्वाल्हेरच्या. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून खूश असायच्या. त्या कण्हत म्हणाल्या, “पोरी, पाठ जळतेय गं.” मी बघितलं. तळहाताएवढी कातडी सोलवटून निघाली होती.

त्यांचा मुलगा निवृत्त कारकून. कागद दिसला की वाचणारच. त्याने पलंगाच्या पायाशी लटकवलेला चार्ट उचलला. “सिस्टर, काल बारा वाजता आई डाव्या कुशीवर होती म्हणे. बारा वाजता तर ती खाली एक्स-रेच्या टेबलावर होती. स्ट्रेचर मीच ढकलत नेलं होतं.”

तासाभरात मी आणि ती पोरगी नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडमच्या खोलीत उभ्या. मॅडमनी निकाल आधीच काढून ठेवला होता. “सीधी बात है. लड़की ने झूठ लिखा, लड़की जाएगी.”

पोरगी मान खाली घालून उभी. “इन्चार्ज मैडम ने कहा था,” एवढे पाच शब्द तिने उच्चारले असते तर तिची नोकरी वाचली असती. नाही उच्चारले. आणि मी? खरं सांगते, मिनिटभर मीही गप्प बसले. अकरा वर्षं घासून ती खुर्ची मिळाली होती, तोंड बंद ठेवलं की सगळं निभावणार होतं. त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

मग म्हणाले, “लिखावट इसकी है मैडम, सिखाया मैंने है. और तीन दिन इसे अकेला छोड़कर समोसे हमने खाए हैं.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “हद है! इतनी अच्छी ट्रेनिंग दी, और आपने ये सीखा?”

पोरगी राहिली, माझं इन्चार्जपद गेलं. त्याच वॉर्डात मी साधी स्टाफ नर्स झाले. नैतिक नेतृत्वाचं प्रशस्तिपत्र मात्र कुणी परत मागितलं नाही.

सोमवारी सकाळी आठला वॉर्डात पाऊल टाकलं तर पोरगी चहा घेऊन धावत आली. डोळे भरलेले. “मैडम, आप आराम से बैठिए. आजी का चार्ट मैंने शाम तक का भर दिया है. आपके नाम से.”

तिला उपकार फेडायचे होते, आणि फेडायला तिच्याकडे होतं ते मीच शिकवलेलं. रागावू तरी कुणावर!

तो चार्ट मी आडवी रेघ मारून रद्द केला, कोरा घेतला आणि चहा खिडकीत ठेवला. “चल इधर. तू कंधा पकड़.” मी कंबर धरली. आजींना हलकेच कुशीवर घेतलं, पायांत उशी दिली.

“आज दोघी दोघी कशाला गं?” आजींनी विचारलं.

“मी चुकीचं शिकवलं होतं आजी, ते पहिल्यापासून शिकवतेय.”

“मग बाई, रोज शिकव,” आजी डोळे मिटत म्हणाल्या.

मी पेन पोरीच्या हातात दिलं. तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग आजींकडे, आणि लिहिलं: आठ वाजून दहा, डावी. खालची घरं तिने रिकामी सोडली.