फोन वाजला की ब्रेक

"उस्ताद, गाडी बंद पडली पाहा," हेतरामजी म्हणाले. त्यांचा एक हात स्टेअरिंगवर होता आणि दुसऱ्या हातात फोन, तोही कानाला.

गाडी बंद पडली नव्हती. मी पाडली होती. नागऱ्याच्या रस्त्यावर, आणि मागे धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर हॉर्न मारून मारून बेजार. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. शिकणारा चुकला की शेजारी बसलेला मास्तर गाडी थांबवतो. ज्यानं हे शोधून काढलं त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं. नाहीतर गोंदियातले निम्मे मास्तर आज भिंतीवरच्या फोटोत असते.

माझी उभी हयात बस चालवण्यात गेली. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलो. स्वभाव तापट आहे, ते आधीच सांगून ठेवतो. पण हेतरामजींवर ओरडून उपयोग नव्हता. ओरडलेलं त्यांना ऐकूच जायचं नाही, कारण ते फोनवर असायचे.

हेतरामजी सोयरिकी जुळवतात. धंदा नाही, नुसती हौस. तिरोड्यापासून आमगावपर्यंत कोणाची पोरगी लग्नाची आहे, कोणाचा पोरगा काय करतो, सगळं तोंडपाठ. लगनसराईत त्यांचा फोन चुलीवरच्या भातासारखा खदखदत असतो. मी म्हटलं, "तासभर बंद ठेवा ना जी." तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना श्वासच बंद ठेवायला सांगितलं.

"काऊन बंद ठेवू? पोरीच्या बापानं फोन केला आन् मी नाही उचलला, तर तो काय समजन? पोरावाल्याचा नकार आला! दुसऱ्या दिवशी पोट्टीले दुसरीकडं देऊन मोकळा!"

असा माणूस या वयात गाडी शिकायला का आला? त्यांची लेक सविता गोंदियातच एका दवाखान्यात नर्स आहे. फोनवर बोलता बोलता गाडी ठोकून घेतलेले लोक तिच्याच हाताखालून जातात. त्यात हेतरामजी स्वतः दोनदा मोटारसायकलसकट बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेलेले. दोन्ही वेळा फोन खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कानाशी बांधलेला होता! आता सविताला मुलगा झाला. नातवाचं जावळ गावी करायचं, चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे, आणि त्याला स्वतःच्या कारमधून न्यायचं, असं हेतरामजींनी ठरवलं. जुनी कार घेतलीसुद्धा. सविता म्हणाली, "बाबूजी, आधी लायसन काढा आणि फोनची सवय सोडा. नाहीतर माझं लेकरू तुमच्या गाडीत बसणार नाही. आम्ही बसनं येऊ."

"सांगा उस्ताद," हेतरामजी मला म्हणाले, "दारात कार उभी, आन् नातू सगळ्या गावादेखत बसमधून उतरन. कोणत्या तोंडानं उभा राहू मी?" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं.

म्हणून मी एक युक्ती केली. तोंडानं काही बोलायचं नाही. फोन वाजला की ब्रेक. फक्त ब्रेक दाबला आणि क्लच नाही दाबला की इंजिन बंद पडतं. गाडी थांबायची, बंद पडायची, हेतरामजी "काय कटकट हाय" म्हणत पुन्हा सुरू करायचे. होता होता फोन वाजला तरी त्यांचा हात खिशाकडे जाईना. ते शांत बसून गाडी थांबायची वाट पाहायचे. मी एकदम खूश. बायकोला म्हटलं, हेतरामजी सुधारले. ती म्हणाली, "तुमच्या हातून? परमेश्वरा!"

टेस्ट तीन दिवसांवर आली. मी गाडीत बसायला गेलो तर हेतरामजी फोनवर कोणाला तरी सांगत होते, "चला, ठेवतो आता. या गाडीत नवीन सिस्टीम हाय ना जी. फोन वाजला का गाडी आपोआप थांबते. हो, माझ्यावाल्या कारमधीबी आसन. घ्या तुम्हीबी एखादी!"

म्हणजे हेतरामजी काहीच शिकले नव्हते. इतके दिवस शिकला होता तो माझा पाय. आणि तो तर आधीच शिकलेला होता!

त्या दिवशी नागऱ्याच्या रस्त्यावर मी दोन्ही पाय मागे ओढून बसलो. समोर लांब म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. फोन वाजला. हेतरामजी निवांत वाट पाहत राहिले. गाडीही निवांत पुढे चालली.

"उस्ताद, थांबून नाही राहिली!"

"मग थांबवा ना!"

"सिस्टीम बिघडली वाटते!"

"अहो, सिस्टीम म्हणजे माझा पाय! ब्रेक दाबा!"

त्यांनी दाबला. मीही दाबला, खोटं कशाला सांगू. म्हैस बोनेटला लागून उभी राहिली आणि आमच्याकडे बघत रवंथ करत राहिली. गुराखी ओरडला, "अंधे हो क्या?"

"म्हंजे इतके दिवस तुम्ही थांबवून राहिले होते?" हेतरामजींनी विचारलं.

"हो."

"आन् मी माझ्या गाडीत नातवाले घेऊन..." फोन अजून वाजतच होता. त्यांनी तो खिशातून काढला, उचलला नाही, तसाच मागच्या सीटवर टाकला. मग मी शिव्या खाल्ल्या. पोटभर खाल्ल्या, आणि त्या माझ्या हक्काच्याच होत्या.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही एकच धडा गिरवला. फोन वाजला की डावा इंडिकेटर, गाडी रस्त्याच्या कडेला, न्यूट्रल, हँडब्रेक, मग बोलणं. हेतरामजी जिद्दीचे. घरी पाटावर बसूनही पाय दाबून सराव करत होते म्हणे. त्या दोन दिवसांत उशिरा फोन केल्यामुळे एकही सोयरीक मोडली नाही. उलट पोरीवाले विचारू लागले, पोरावाल्यांचा भाव वाढला काय?

टेस्टच्या दिवशी परीक्षा घेणारे साहेब हेतरामजींच्या शेजारी बसले. मी कुंपणाशी उभा. आठ काढायचा होता, म्हणजे इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायची. अर्धा आठ झकास झाला. आणि एकाएकी डावा इंडिकेटर लागला, गाडी कडेला जाऊन उभी राहिली. मी कपाळाला हात लावला. काच उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"गाडी का थांबवली?" साहेब तडकले.

"फोन वाजला ना जी."

"अहो, तो माझा वाजला!"

"कोणाचाबी वाजो. बोलून घ्या तुम्ही आरामात, मी थांबतो."

साहेबांनी हेतरामजींकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. फोन कट करून खिशात टाकला. म्हणाले, "चला, आठ पूर्ण करा." हेतरामजी पास झाले.

जावळाला मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. गाडीत पुढे हेतरामजी आणि मी. मागे सविता, तिच्या मांडीवर नातू, शेजारी जावईबापू आणि विहीणबाई. गोंदिया सुटलं नाही तोच सविताचा फोन वाजला. गाडी कडेला.

"बाबूजी, माझा आहे. चालवा तुम्ही."

"तूच सांगतलं होतं ना?"

मग जावईबापूंचा वाजला. गाडी कडेला. विहीणबाईंच्या बहिणीचा आला, तो चांगला लांबला. आमच्यानंतर निघालेली बस आम्हाला मागे टाकून गेली, खिडकीतून गावातल्या कोणीतरी हात केला. तलावाजवळ नातवानं खेळण्यातला मोबाईल दाबला, त्यातून गाणं वाजलं. गाडी कडेला!

"बाबूजी, तो खेळण्यातला आहे!" सविता रडकुंडीला आली होती.

"वाजला ना?"

सविता आधी चिडली, मग हसत सुटली. हसता हसता मागूनच बापाच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "चला बाबूजी, चला. आता हा रोज तुमच्याच गाडीत बसेल." हेतरामजींनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. डोळे पुसेपर्यंतही गाडी कडेलाच होती.

गाव समोर दिसायला लागलं तेव्हा न्हाव्याचा फोन आला, "कुठं राहिले जी? मले दुसऱ्या गावी जायचं हाय." त्या फोनसाठीही आम्ही थांबलो. पोहोचलो तोवर तो निघून गेला होता. हेतरामजी सगळ्या गावादेखत कारमधून उतरले, नातवाला जावळासकट खांद्यावर घेऊन, आणि त्यांना कशाचीच घाई नव्हती.

जावळ चार दिवसांनी झालं. या धंद्यात मी एवढंच शिकलो. उशीर झाला तर फार तर केस वाढतात.