आमच्या डॅशहाउंडचा अर्ज

गेले सात हिवाळे मी उज्जैनच्या डॉग शोला जाते आहे. पहिले चार हिवाळे आम्ही दोघी स्पर्धेत होतो, मी आणि माझी डॅशहाउंड कुत्री. पुढचे तीन हिवाळे आम्हाला आत घेतलेलं नाही. तरी मी जातेच.

कुत्री म्हटलं की इथे लोक दचकतात. हिंदीत ती शिवीच, त्यामुळे शोच्या माइकवरूनसुद्धा ‘फीमेल’ म्हणतात. मी तीस वर्षं हिंदी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, घरी मराठी बोलते, आणि मला मादीला मादीचा शब्द वापरायची लाज वाटत नाही. कुत्री ती कुत्रीच.

ती आणली मुलीने, बारावी झाल्यावर हट्ट करून. कानांच्या जागी दोन मखमली चिंध्या लावलेलं लांबुडकं पिल्लू, सोबत तीन पिढ्यांची वंशावळ लिहिलेला कागद. चार महिन्यांत मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि पिल्लू माझ्या पायाशी उरलं. नवरा म्हणाला, “आता ही तुझी.” तो मूळचा साताऱ्याचा. बँकेच्या बदलीवर उज्जैनला आला आणि इथलाच झाला. पण मी “कुत्री बाहेर चालली गेली” म्हटलं की अजून हसतो. त्याच्या मते आम्हा उज्जैनच्या लोकांची मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं. मी त्याला सांगते, आमची सातवी पिढी इथे चालू आहे, तुझ्या मराठीचं तू बघ.

शोचं सुचवलं आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी. कुत्री दोन वर्षांची होती. “कागज हैं, काठी अच्छी है, ले जाइए एक बार,” म्हणाले. नानाखेड्याकडच्या एका मैदानात शो होता. सकाळी स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत तिला बसवून फ्रीगंजमधून निघाले. नवरा मागे, मांडीवर थर्मास आणि छत्री.

त्या पहिल्या सकाळी मला जे वाटलं ते मी विसरणार नाही. शंभरेक कुत्री आणि त्यांना घेऊन आलेली माणसं. एरवी एकमेकांशी दोन शब्द न बोलणारे लोक तिथे एकमेकांच्या कुत्र्यांची पोटं, दात, शी यांबद्दल मनापासून बोलत होते. देवास गेटला सायकलचं दुकान असलेला एक माणूस आपल्या लॅब्राडोरचे कान कापसाने पुसत होता, आईने पुसावेत तसे. मी कधी कुणा अनोळखी पुरुषाला इतक्या हळुवार हाताने काही करताना पाहिलं नव्हतं. मला कुणी ‘मिसेस अमुक’ म्हणून ओळखत नव्हतं की ‘मैडम’ म्हणून. “वो डैशहाउंडवाली” एवढीच माझी ओळख, आणि ती मला पुरेशी होती.

बाकी सगळं त्रासाचंच. वेळ नऊची, पाहुणे आले साडेबाराला. तोवर डीजे. मग हार, शाली, भाषणं. एक हस्की उन्हात धापा टाकत बर्फाच्या लादीवर पडली होती आणि स्टेजवरून मूक प्राण्यांवरच्या प्रेमाबद्दल बोलणं चाललं होतं. पाण्याचा नळ एक. आणि पैसे घेऊन लोकांची कुत्री रिंगमध्ये फिरवणाऱ्या ज्या हँडलरांबरोबर परीक्षक सकाळी पोहे खात होते, त्यांच्याच कुत्र्यांना दुपारी बक्षिसं.

त्या वर्षी आम्हीही इंदौरचा एक हँडलर ठरवला होता. सगळेच ठरवत होते. त्याने माझ्या हातातून पट्टा घेतला, एक हिसका दिला आणि कुत्री चालू लागली. चालली छान. पाचांत तिसरी आली. पण तिची शेपूट पूर्ण वेळ पोटाशी दाबलेली होती. ती दोरीपलीकडून मला शोधत होती. परत आल्यावर रिबन नवऱ्याने घेतली, मी तिला घेतलं. त्याच दिवशी ठरवलं, पुन्हा हा पट्टा दुसऱ्याच्या हातात नाही.

पुढच्या वर्षी मी साडीवर कॅनव्हासचे बूट घालून रिंगच्या तोंडाशी उभी राहिले. नंबर पुकारणारा कार्यकर्ता म्हणाला, “मैडम, हैंडलर को भेजिए.”

“मैं ही हूँ.”

“साड़ी में दौड़ेंगी?”

“दौड़ना मुझे है ना, आपको तो नहीं?”

तो बाजूला झाला. मी आत गेले आणि पुढच्या चार मिनिटांत माझी पुरती फजिती झाली. आधीच्या कुत्र्याने गवतावर धार सोडली होती. माझी तिथेच थांबली, वास घेत बसली, आणि परीक्षक जवळ येताच त्यांच्या बुटांपुढे पोट वर करून लोळली. लोक हसले. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पोचलाही. आम्ही शेवटच्या. नवरा घरी येताना एवढंच म्हणाला, “पुढच्या वर्षी त्या इंदौरवाल्यालाच बोलाव.”

“नाही.”

“अगं, पण काय मिळवायचंय तुला यातून?”

मी नुसतं पुन्हा नाही म्हटलं.

त्यानंतर रोज सकाळी साडेपाचला कोठी रोड. फिरायला येणारी माणसं बघायची: एक पन्नाशीतली बाई, मागे लांबुडकं कुत्रं, बाई मधेच थांबते, कुत्र्याचे चारी पाय एकेक करून सरळ ठेवते, हनुवटी वर धरते आणि मनात वीस आकडे मोजते. एका कठड्यावर तिला उभं करून मी तिचे दात तपासायची, कारण छोट्या कुत्र्यांना परीक्षक टेबलावर ठेवून तपासतात. दोन महिन्यांत ती माझा हात न लागता उभी राहायला शिकली. ‘डैशहाउंड’ असा शब्द मी मुद्दाम मोठ्याने, माइकवरच्या माणसासारखा पुकारायची आणि ती ताठ व्हायची. त्या वर्षी आम्ही चौथ्या आलो. त्याच्या पुढच्या वर्षी सातांत दुसऱ्या. परीक्षक म्हणाले, “अच्छी चाल है.” पहिला आलेला कुत्रा त्याच इंदौरवाल्याच्या हातात होता आणि त्याने मला हात जोडून नमस्कार केला. माझं पोट भरलं त्या दिवशी. हातातल्या रिबनपेक्षा त्या नमस्काराने जास्त.

मग ती सहा वर्षांची असताना एका पावसाळ्यात तिने खाणं सोडलं. पाणी मात्र घटाघटा पीत होती. मागून घाण येत होती. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, त्यांना गर्भाशयात पू दिसला, आणि ते म्हणाले, “बच्चेदानी में मवाद है. आज ही निकालनी पड़ेगी.”

‘बच्चेदानी निकालनी पड़ेगी.’ हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी, माझ्याबद्दल. पिशवीला गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं, काढली. त्यानंतर भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, “सुटलीस.” नणंद म्हणाली, “आता कसली धावपळ करायचीय तुला? झालं तुझं.” तिच्या मनात वाईट नव्हतं. पण ते ‘झालं तुझं’ माझ्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस दुखलं. दोन महिन्यांनी मी शाळेत परत गेले आणि आठवीला प्रजनन संस्थेचा धडा शिकवला, फळ्यावर पूर्ण आकृती काढून.

कुत्री वाचली. दहा दिवस तिच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा होता, तो दारांना आपटत ती घरभर माझ्या मागे फिरायची. दिवाळीपर्यंत तिचं अंग भरलं, केस चकाकले. आम्ही पुन्हा कोठी रोडला जायला लागलो. डिसेंबरात शोचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता, प्राण्यावर कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का. मी खरं लिहिलं.

शोच्या सकाळी नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि परत केला. “मैडम, जिसकी बच्चेदानी निकल गई, वो शो में नहीं चलती. नियम है.”

“क्यों?”

“शो तो नस्ल सुधारने के लिए होता है. अब ये बच्चे तो देगी नहीं. फिर फायदा क्या?”

मी विज्ञान शिकवलेली बाई आहे. जातिवंत पैदाशीसाठी मादी निवडायची, म्हणून तिची चाल, दात, पाठ बघायची, हा हिशेब मला कळतो. मला त्या क्षणी तो कळतच होता. पण ‘फायदा क्या’ हे दोन शब्द माझ्या कानात शिरले आणि मागे रांगेत पंधरा-वीस माणसं उभी होती, त्यांत बहुतेक पुरुष, याचा मला विसर पडला.

“मेरी भी निकली हुई है,” मी म्हणाले. “बारह साल हो गए. मैं तो रोज स्कूल जाती हूँ. बताइए, मेरा क्या फायदा?”

टेबलावरचा माणूस लाल झाला आणि कागद चाळू लागला. माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता हा म्हणणार, चल घरी. तो म्हणाला, “जज साहब को बुलाइए.” बँकेत मॅनेजरला बोलवा म्हणणाऱ्या खातेदारांना तो आयुष्यभर वैतागला होता, आणि आज स्वतःच तसा उभा राहिला.

परीक्षक आले. वयस्क, सभ्य गृहस्थ, जबलपूरकडचे. त्यांनी ऐकून घेतलं, वाकून कुत्रीला हात लावला, पाठीवरून बोटं फिरवली. “बहुत अच्छी रखी है आपने,” म्हणाले. “लेकिन मैं नंबर नहीं दे सकता. हाँ, आखिर में बच्चों के लिए एक राउंड होता है, सब अपने-अपने कुत्ते घुमाते हैं. उसमें आ जाइए.”

“वो खेल है,” मी म्हणाले. “मैं खेलने नहीं आई.”

“तो मैडम, मैं क्या करूँ?”

“जो आप नहीं कर सकते, वो लिखकर दीजिए.”

ते हसले. लिहून कुणी दिलं नाही. डॅशहाउंडचा पुकारा झाला तेव्हा मी रांगेत सर्वांत शेवटी उभी राहिले, बिनानंबरची, आणि बाकीच्यांच्या मागोमाग आत गेले. कार्यकर्ता धावत आला, पण परीक्षकांनी हाताने त्याला थांबवलं. आम्ही पूर्ण फेरी मारली. ती अशी चालली की काय सांगू. शेपूट पाठीच्या रेषेत, मान वर, छोटे पाय गवतावर टकटक. परीक्षकांनी आमच्याकडे पाहिलं आणि कागदावर काही लिहिलं नाही. मी नमस्कार करून बाहेर आले. मान खाली नव्हती.

घरी आल्यावर खूप रडले, तेही सांगायला हवं. नवऱ्याने चहा केला. मग तो म्हणाला, “तू ते सगळ्यांसमोर बोललीस.”

“वाईट वाटलं तुला?”

“मला?” तो म्हणाला. “मी तेव्हा दवाखान्याच्या कागदावर सही केली आणि बँकेत निघून गेलो. बारा वर्षांत तुला एकदाही विचारलं नाही, कसं वाटतं म्हणून.” त्याने कपात बघितलं. “त्याचं वाईट वाटलं.”

कुत्री आमच्या दोघांच्या मधे सोफ्यावर चढली, जे तिला मना आहे, आणि कुणी उतरवली नाही.

मुलीने फोनवर समजावलं, आई, बाहेर असे शो असतात जिथे फक्त पळणं आणि हुकूम ऐकणं बघतात, तिथे हे काही विचारत नाहीत. असतील. माझ्या गावात हा एकच शो आहे, आणि मला माझ्याच गावात उभं राहायचंय.

पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा अर्ज भरला. तो रकाना पुन्हा खरा भरला. नवरा म्हणाला, तिथे रेघ ओढून दे, कोण पोट उघडून बघणार आहे? पण खोटं लिहून आत जायचं असतं तर मी भांडले कशाला असते. अर्ज परत आला. यंदाही परत आला. टेबलावरचा माणूस तोच आहे. आता तो मला बघितल्यावर आधी नमस्कार करतो, मग अर्ज परत करतो. मी मागे वळते तेव्हा रांगेतली माणसं कुजबुजतात. गेल्या वर्षी एक तरुण बाई लॅब्राडोर घेऊन आली होती, तिने जवळ येऊन हळूच विचारलं, “आंटी, ऑपरेशन के बाद ठीक हो जाते हैं ना?” तिने कुणाबद्दल विचारलं, कुत्रीबद्दल की स्वतःबद्दल, मला कळलं नाही. मी म्हटलं, “हाँ बेटा, एकदम ठीक.” दोघींनाही लागू होतं ते.

यंदाच्या शोला सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेले, त्यामुळे पोचायला तास लागला. मी घडीची खुर्ची नेली होती, ती रिंगच्या दोरीला खेटून मांडली. कुत्री आता आठ वर्षांची झाली आहे, हनुवटी पांढरी व्हायला लागली आहे. ती खुर्चीखाली सावलीत झोपली होती. दुपारी दीडला माइकवरून आवाज आला, “डैशहाउंड, फीमेल.”

ती उठली. खुर्चीखालून बाहेर आली, दोरीपाशी गेली, चारी पाय सरळ ठेवले, हनुवटी वर केली आणि उभी राहिली. मी हात लावला नव्हता. आत चार तरुण कुत्र्या त्यांच्या हँडलरांचे हिसके खात उभ्या होत्या. माझ्याजवळचे लोक आत बघायचं सोडून हिच्याकडे बघायला लागले. नवीन आलेल्या परीक्षक बाईंनीही एकदा मान वळवली.

कार्यकर्ता आला. “मैडम, इसको बिठा लीजिए. डिस्टर्ब हो रहा है.”

“रस्सी के बाहर है,” मी म्हणाले.

“लोग उधर ही देख रहे हैं, मैडम.”

“तो देखने दीजिए.”

तो थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. आतल्या चौघींचा निकाल लागेपर्यंत ती उभी होती. मी तिला बैस म्हटलं नाही.