आंदणातला निळा ड्रम

निळा ड्रम दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. घरचे हसतात. म्हणतात, जग कुठं चाललंय आणि ही बाई ड्रमाशी भांडतेय. हसू देत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरला लागले. मूळची मी पेठकडच्या पाड्यावरची. आमच्यातली शिकून कंपनीत टेबलावर बसणारी पहिलीच, त्यामुळे पाड्याला माझं कोण कौतुक! कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनत. रंग लावण्याआधी त्यांच्यावरचा गंज आणि तेल काढायला ते आम्लाच्या हौदात बुडवत. हे आम्ल गुजरातेतल्या वापीकडून निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांतून यायचं. ड्रमावर कवटीचं चित्र असायचं. रिकामे ड्रम आम्ही गेटामागे रचून ठेवायचो आणि भंगारवाला ते घेऊन जायचा. तो ते विसळायचा, कवटी खरवडायचा आणि पेठ नाक्यावर पाण्याचे ड्रम म्हणून विकायचा.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. आमच्या डोंगरात पाऊस कोसळतो, पण होळी झाली की हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरावं लागतं. टँकर आला तर आला. आला की हाताला लागेल त्यात पाणी भरायचं. त्यामुळे ड्रमाला सोन्याचा भाव होता. पेठच्या रस्त्यावर जीपच्या टपावर दोरीनं आवळलेले ड्रम रोज दिसायचे. पुढे पुढे तर मुलीच्या आंदणात हंड्या-कळशीशेजारी निळा ड्रम मांडायची रीतच पडली. त्याला हळदकुंकू लावायचे. ड्रम नसला तर व्याही नाक मुरडायचे. ड्रम धुतलेला असतो असं सगळेच म्हणत, आणि मलाही तेवढं पुरेसं वाटायचं.

कंपनीचा दुसरा कारखाना पुण्याजवळ होता. स्टोअरचं काम संगणकावर आणायचं ठरलं, तेव्हा शिकायला म्हणून मला आठवडाभर तिकडे धाडलं. एक दिवस तिथे वापीचा ट्रक आला. आमच्याकडे यायचा तोच पुरवठादार, तेच निळे ड्रम. भरलेले ड्रम उतरले आणि रिकामे त्याच ट्रकात चढायला लागले, झाकणं घट्ट लावून.

"हे कुठं निघाले?" मी तिथल्या स्टोअरकीपरला विचारलं.

"वापीला. परत तेच आम्ल भरतात त्यात. बाहेर नाही द्यायचे, मॅडम. प्लास्टिकमध्ये मुरतं ते. कितीही धुवा, पाण्यात उतरत राहतं."

"मग नाशिकचे का नाही जात परत?"

तो हसला. "इथं परदेशी गिऱ्हाईक येतं, एकेक ड्रम विचारतं. शेजारच्या गावानं एकदा गेटही अडवलं होतं. नाशिकला कोण येतंय बघायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वापीहून पुणं लांब आणि नाशिक जवळ. आमच्याकडे येणारा ट्रक पेठच्या घाटानं, आमच्या पाड्याच्या अंगावरून यायचा आणि ड्रम उतरवून त्याच रस्त्यानं रिकामा परत जायचा. त्याच रस्त्यानं, त्याच्या मागोमाग, आमचे ड्रम जीपच्या टपावरून आमच्याच बायकांच्या घरात शिरायचे. कंपनी एक, मालक एक, आम्लही एकच. फरक फक्त ड्रम कुणाच्या दारात जातो एवढाच!

परत आल्या आल्या मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, ट्रक रिकामा जातो. त्यात आपले ड्रम द्या."

त्यांनी मुख्य कार्यालयाचं धोरण पुढे केलं. रिकाम्या ड्रमांचं काय करायचं ते प्रत्येक कारखान्यानं स्थानिक पद्धतीप्रमाणे ठरवावं, असं त्यात लिहिलं होतं. "आणि आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे की," ते म्हणाले. "इथले लोक काही वाया घालवत नाहीत. याला पुनर्वापरच म्हणतात. पुण्यातले लोक उगाच बोंबा मारतात."

स्थानिक पद्धत! पाड्यावरच्या माझ्या ताईचं स्वयंपाकघर म्हणजे यांची स्थानिक पद्धत. त्यांच्या डोक्यामागे 'शून्य कचरा' असं लिहिलेली ढाल लटकत होती. आमच्या कारखान्यातून काहीच वाया जात नाही म्हणून मुख्य कार्यालयानं ती दिली होती.

"सर, तुमच्या घरी पाणी कशात साठवता?" मी विचारलं.

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले, पण पुन्हा पुन्हा आले. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून ते म्हणाले, "बरं, बुडाला भोकं पाडून द्या. पण भंगाराचा भाव पडला तर वरच्यांना उत्तर तुम्ही द्यायचं." ट्रकचं मात्र नाव काढायचं नाही.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी तेवढ्यावर गप्प बसले. ड्रिल घेतलेल्या माणसाच्या शेजारी स्वतः उभी राहायचे. प्रत्येक ड्रमाच्या बुडाला दोन भोकं, अंगठा जाईल एवढी. भंगारवाल्यानं शिव्या दिल्या, पण ड्रम नेणं काही सोडलं नाही. तो ते का नेतो, याचा विचार मला सुचायला हवा होता की नको? असो. मला वाटलं, चला, सुटलो.

त्या उन्हाळ्यात ताईच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात आंदण मांडलेलं, त्यात निळा ड्रम, हळदकुंकू लावून. मी तो आडवा केला. बुडाला दोन ठिगळं. आमच्या बाजारात तुटक्या बादल्या तापल्या सळईनं जोडून देणारे बसतात, त्यांचं काम. इतकं सफाईचं की थेंब गळायचा नाही. आमचे लोक खरंच काही वाया घालवत नाहीत.

मी ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"तीनदा धुतलाय सोड्यानं," ती म्हणाली. "वास पण नाय येत."

"ताई, ते आत मुरलेलं असतं. वास नाही आला तरी पाण्यात उतरतं."

"मग पानी कशात भरंल ती? सांग ना. तुझ्या कंपनीत येऊन भरंल?"

तिचं बरोबर होतं, आणि अशा वेळी मला जास्तच राग येतो. मी लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली आणि भर मांडवात तो ड्रम फोडला. भाची रडायला लागली. व्याही उठून उभे राहिले. ताई म्हणाली, "पोरीच्या लग्नात अपशकून केलास तू." मी जीप करून पेठला गेले आणि पाठवणीच्या आत पाण्याची कोरी टाकी आणून मांडवात ठेवली. व्याही शांत झाले, पण ताई माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हाही नव्हता, आताही नाही.

त्याच हंगामात आमच्या पाड्यावर आणखी लग्नं झाली. त्या पोरीही ठिगळ लावलेले निळे ड्रम घेऊन सासरी गेल्या. त्यांचे ड्रम कुणी फोडले नाहीत, कारण त्यांची मावशी कुठल्या कंपनीच्या स्टोअरला नव्हती.